भर दुपारचा कॅमेरा

छायाचित्रणातल्या कुणाही जाणत्याला विचारा, उन्हाळ्यासाठी सल्ला ठरलेला असतो. उजाडताना बाहेर पडा, नाहीतर उन्हं कलल्यावर. मधल्या वेळात कॅमेरा बॅगेत आणि आपण सावलीत. त्यामागची कारणं खरी आहेत. सूर्य डोक्यावर आला की सावल्या आखूड आणि काळ्याकुट्ट होतात, झाडांचे माथे पांढरे पडतात, आकाशाचा निळा रंग विटतो आणि लांबचं सगळं धुरकट दिसू लागतं. पण माझी सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही कामात जातात. मोकळी मिळते ती दुपार, साधारण अकरा ते तीन. तेव्हा एकतर उन्हाळाभर कॅमेरा कपाटात ठेवायचा, नाहीतर त्या टळटळीत उन्हात काय दिसतं ते बघायचं, एवढेच दोन मार्ग माझ्यापुढे होते. मी दुसरा धरला. आज मी ठामपणे म्हणेन, की उन्हाळा भर दुपारी पाहिला नाही तर तो अर्धाच पाहिला. काही गोष्टी फक्त त्याच वेळी घडतात, आणि त्या टिपायला फार मोठी सामग्रीही लागत नाही.

माझ्याकडे एक जुना डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स, एक मॅक्रो (जवळचं बारीक टिपणारी लेन्स), एक टेलीलेन्स (लांबचं जवळ आणणारी) आणि एक पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर). बरेच फोटो तर मी मोबाइलवरच काढलेत. खाली जे सांगतोय त्यातलं पुष्कळसं मोबाइलवरही जमतं.

दुपारच्या प्रकाशाचा एक गुण कुणी सांगत नाही. तो स्थिर असतो. पहाटे मिनिटामिनिटाला उजेड वाढत जातो, संध्याकाळी तो हातातून निसटतो. आकाश निरभ्र असेल तर दुपारी दोन-तीन तास उजेडात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. फिल्मच्या काळात लोक 'सनी सिक्स्टीन' नावाचा आडाखा वापरायचे, तो इथे अजूनही चोख लागू पडतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ १६ ठेवायचं आणि शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याच्या, आकड्याइतका. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद, २०० असेल तर १/२००. मला हलणारे जीव टिपायचे असल्याने मी हेच गणित फिरवून घेतलं. आयएसओ ४००, एफ ८, आणि शटर १/१६००. उजेड तेवढाच, पण पंख गोठवण्याइतका वेग. कॅमेरा मॅन्युअलवर टाकला आणि उजेड मोजणाऱ्या मीटरकडे बघणंच सोडून दिलं.

याचा फायदा लगेच दिसतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरा बगळा चौकटीत मोठा आला की मीटर त्याला मळकट करतो, आणि काळसर पाण्यावर तोच बगळा छोटा असला तर पिसांचा तपशील जळून जातो. पण बगळ्यावर पडणारं ऊन दोन्ही वेळी सारखंच असतं. ते ऊन एकदा मोजून बसलो की पुढे लक्ष फक्त बगळ्याकडे. अगदी पांढऱ्या पिसांसाठी मी अर्धा-एक स्टॉप उजेड (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करतो, बाकी काही नाही.

पण दुपारने मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने धरून ठेवलं ते उन्हात नाही, सावलीत. एका मोठ्या, दाट झाडाखाली बसलो होतो आणि जमिनीवर कवडसे हलत होते. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात. कुठे त्रिकोणी, कुठे चिंचोळी चीर, कुठे किड्याने कुरतडलेलं भोक. मग खाली पडलेले कवडसे जवळजवळ सगळे गोल कसे? कॅमेरा जमिनीलगत धरून पाहिलं तर गोलाईत शंकाच नव्हती. उत्तर असं, की तो प्रत्येक कवडसा फटीचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. फट लहान आणि जमीन पुरेशी लांब असली की फट सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखं काम करते आणि सूर्याचं बिंब खाली उमटतं. हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्राचीन प्रश्नसंग्रहातही विचारलेला आहे, आणि त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण योहान्नेस केप्लरने १६०४ सालच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात दिलं. म्हणजे मी कॅमेरा घेऊन झाडाखाली बसलो होतो आणि ते झाडच माझ्याभोवती शेकडो कॅमेरे उघडून बसलं होतं!

यातून मोजमापही निघतं. सूर्याचं बिंब आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे कवडशाची रुंदी फटीपासूनच्या अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाइतकी येते. फट १० मीटर उंच असेल तर कवडसा ९ सेंटिमीटरच्या आसपास. चार बोटं रुंद कवडसा दिसला की समजायचं, तो प्रकाश आठेक मीटरवरून उतरतोय. लहान कवडसे खालच्या फांद्यांचे आणि ठळक, मोठे कवडसे शेंड्याकडचे आणि फिकट. सूर्य कलला की तेच कवडसे लांबट होतात, कारण प्रकाश जमिनीवर तिरका पडतो. म्हणून गोल कवडसे हवे असतील तर दुपारच हवी. सूर्यग्रहणात या कवडशांच्या चंद्रकोरीसारख्या कोरी होतात, तेही याच कारणाने. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी आकाशाकडे न बघता झाडाखाली कॅमेरा घेऊन जाण्यासारखी सुरक्षित आणि सुंदर गोष्ट नाही.

कवडशांचा फोटो काढताना सावलीचा मोह आवरावा लागतो. एक्स्पोजर कवडशावर धरायचं आणि सावलीला काळं होऊ द्यायचं. मी स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा) कवडशावर ठेवतो, किंवा मोबाइलवर कवडशावर बोट टेकवून उजेड खाली ओढतो. वाळक्या पानांच्या खच्चून पसरलेल्या थरावर कवडसे विरून जातात. सपाट, फिकट मातीवर किंवा गुळगुळीत दगडावर ते उठून दिसतात. मी सोबत एक पांढरा पुठ्ठा ठेवतो. तो जमिनीवर धरला आणि हळूहळू वर उचलत नेला तर कवडसा लहान आणि तेजस्वी होत जातो, आणि फटीच्या फार जवळ गेलं की गोलाई मोडून फटीचा खरा वेडावाकडा आकार दिसू लागतो. आता जवळजवळ प्रत्येक दुपारी एकदा तरी मी हा पुठ्ठा वर-खाली करून बघतोच.

झाडाखाली बसल्यावर नजर वरही जाते. उन्हात उभं राहून झाडाचं पान पाहिलं तर त्याच्या तुकतुकीत पृष्ठभागावरून ऊन उसळतं आणि रंग फिका दिसतो. खालून पाहिलं तर प्रकाश पानातून गाळून येतो. शिरा गडद, मधला भाग पोपटी, आणि वरच्या पानाची सावली खालच्या पानावर कापून ठेवल्यासारखी स्पष्ट. कोवळी पालवी तांबूस असताना तर हे दृश्य सोडवत नाही. कित्येक झाडांच्या नव्या पानांत अँथोसायनिन नावाची लाल-जांभळी रंगद्रव्यं असतात. हिरवं द्रव्य पुरतं तयार होईपर्यंत ती कोवळ्या पेशींना प्रखर उजेडापासून आडोसा देतात, असं मानलं जातं. तो तांबूस रंग पूर्ण खुलतो तो सूर्य पानाच्या बरोबर मागे असताना. इथे एकच काळजी घ्यायची. सूर्याचं बिंब थेट चौकटीत येऊ द्यायचं नाही. टेलीलेन्समधून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे बघणं डोळ्यासाठी सरळ सरळ धोक्याचं आहे, आणि एकाग्र झालेलं ऊन कॅमेऱ्याच्या आतल्या भागांनाही जाळू शकतं. मी पान आणि सूर्य यांच्यामध्ये नेहमी एखादी जाड फांदी घेतो.

पोलरायझरचा खरा उपयोग मला दुपारीच कळला. आकाश सर्वांत गडद होतं ते सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात. सूर्य डोक्यावर असला की तो पट्टा क्षितिजाभोवती सगळीकडे फिरतो, म्हणजे आपण जिथे कॅमेरा रोखतो नेमकं तिथेच. रिंग फिरवत गेलं की पानांवरची चकाकी उतरते, हिरवा रंग भरून येतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाखालचे दगड दिसू लागतात. बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, पण दुपारी उजेडाला तोटा नसतो.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या दुपारींचा मोठा हिस्सा एका उथळ तळ्याच्या काठावर गेला. उन्हाळ्यात पाणी आटत जातं तसं काठावर लव्हाळ्याच्या आणि वाळलेल्या काड्यांच्या टोकांचं रान उघडं पडतं, आणि प्रत्येक टोकावर चतुर (ड्रॅगनफ्लाय). चतुर आणि त्याचा भाऊबंद कीटक टाचणी यांतला फरक लांबूनही कळतो. चतुर बसताना पंख आडवे पसरून ठेवतो आणि त्याचे डोळे बहुधा एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी सडपातळ, तिचे डोळे दोन बाजूंना आणि बसताना पंख बहुतेक वेळा अंगालगत मिटलेले. टाचण्या बहुतेकदा सावलीच्या गवतात दिसतात. ऐन उन्हात ठाण मांडून बसतात ते चतुर.

त्यांच्या मागे धावून फोटो मिळत नाही. अनेक जातींतले नर आपली हद्द राखतात आणि त्यांची एक ठरलेली काडी असते. उडतात, शिकार किंवा प्रतिस्पर्धी यांच्या मागे जातात आणि पुन्हा त्याच काडीवर येतात. हे लक्षात आलं की काम सोपं होतं. काडी निवडायची, तिच्या टोकावर फोकस धरायचा आणि गुडघे टेकून बसून राहायचं. आपली सावली काडीवर पडता कामा नये, हालचाल सावकाश हवी. चतुराच्या प्रत्येक डोळ्यात हजारो सूक्ष्म भिंगं असतात आणि त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, त्यामुळे लपण्यात अर्थ नाही. स्थिर बसण्यात आहे. थोड्या वेळाने तो आपल्याला काठावरचा दगड समजतो की काय कोण जाणे, पण परत येऊन बसतो एवढं खरं.

आणि मग ऊन चढतं तशी ती गोष्ट घडते, जिच्यासाठी मी दुपार कधीही सोडणार नाही. एखादा लाल चतुर काडीवर आडवा बसलेला असतो. हळूहळू त्याचं पोट, म्हणजे ती लांब शेपटीसारखी दिसणारी बाजू, वर उचलली जाऊ लागते. आधी थोडी तिरकी, मग आणखी, आणि शेवटी टोक थेट सूर्याकडे. शीर्षासन घातल्यासारखा तो उभा राहतो, पंख पुढे आणि खाली झुकवलेले. हे तो अंग तापू नये म्हणून करतो. टोक सूर्याकडे रोखलं की उन्हाला सामोरा जाणारा अंगाचा भाग अगदी थोडा उरतो. इंग्रजीत या पवित्र्याला 'ओबेलिस्क' म्हणतात. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटली ती त्याची सावली. तो आडवा असताना पाण्यावर लांब रेघ पडलेली असते; पोट वर जातं तशी ती रेघ आखडत जाते, आणि पूर्ण उभा राहिला की त्या रेघेचा नुसता ठिपका उरतो. एकदा सूर्यावरून एक ढग सरकला आणि जरा वेळाने त्याचं पोट खाली येऊ लागलं. ऊन परत आलं तसं पुन्हा वर. कितीही वर्णन वाचलं तरी हे डोळ्यांनी बघण्याची सर येत नाही. सकाळी सहा वाजता येणाऱ्याला हे दिसण्याची शक्यता फार कमी.

हा फोटो काढायचा तर उभं राहून वरून काढू नये. वरून तो नुसता लाल ठिपका दिसतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणायचा, चौकट उभी धरायची आणि सेन्सर त्याच्या अंगाशी समांतर ठेवायचा, म्हणजे डोळ्यांपासून टोकापर्यंत सगळं एकाच प्रतलात येतं आणि एफ ८ वरही धारदार राहतं. मॅक्रोमध्ये काही मिलिमीटरचीच खोली फोकसमध्ये असते, तेव्हा सगळं जमत नसेल तर डोळे सोडायचे नाहीत, शेपटी अंधुक झाली तरी चालेल. पार्श्वभूमीला लांबचा, सावलीत असलेला काठ घ्यायचा. दुपारच्या उन्हात सावली इतकी काळी येते की उन्हातला चतुर त्यावर उजळून उठतो. ज्या तीव्र फरकामुळे दुपारला नावं ठेवली जातात, तोच इथे कामाला येतो. टाचण्यांसाठी मात्र मी सावलीत शिरतो. तिथे पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स, रंगछटा जुळवणारी सेटिंग) बदलावा लागतो, कारण उन्हातला प्रकाश ५५०० केल्विनच्या आसपास आणि सावलीतला त्याहून कितीतरी निळसर, त्यात भर पानांवरून उसळलेल्या हिरव्या छटेची. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल असेल तर हे घरी निस्तरता येतं.

दुपारला जमत नाही असंही काही आहे, आणि ते मान्य करायला हवं. लांब पल्ल्याचे फोटो. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी टेलीलेन्समधून पाहिले की सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे थर वर चढतात, प्रत्येक थराची घनता वेगळी, आणि त्यांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. हा लेन्सचा दोष नसतो आणि तिपाईनेही तो जात नाही. कितीही उत्तम लेन्स असली तरी उत्तर एकच, मधली हवा कमी करा. म्हणून दुपारी माझा नियम ठरलाय : जे हाताच्या अंतरात येईल तेवढंच. लांबचं सगळं सुट्टीच्या एखाद्या सकाळसाठी.

पक्ष्यांबाबत तर दुपारी जवळही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चोच उघडी ठेवून गळा भराभर हलवणारा पक्षी धापा टाकत असतो; घाम येत नसल्याने अंगातली उष्णता तो असा बाहेर टाकतो. त्याला उडवलं तर सावली आणि विश्रांती दोन्ही हिरावली जाते. टिटवीसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तर भर उन्हात अंड्यांवर सावली धरून उभे असतात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. आपण जवळ गेल्यामुळे ती उठली तर उघडी पडलेली अंडी थोड्या वेळातही धोक्याइतकी तापू शकतात. तिचा कर्कश आरडाओरडा ऐकू आला की मी कॅमेरा न उचलता मागे वळतो. कुठल्याही फोटोपेक्षा ती अंडी महत्त्वाची.

फुलपाखरं त्या मानाने सोयीची. ओलसर चिखलावर ती थव्याने उतरतात आणि सोंड लावून बसतात. त्यांत बहुतेक नर असतात. चिखलातल्या पाण्यातून ते सोडियमसारखे क्षार घेतात. पिण्यात गुंगलेलं फुलपाखरू एरवीपेक्षा जास्त जवळ येऊ देतं. पोटावर झोपून, त्यांच्या उंचीवरून काढावं.

उन्हात टिकायचं कसं हेही सांगायला हवं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सियस ही मर्यादा दिलेली असते, आणि काळा कॅमेरा उन्हात हवेपेक्षाही जास्त तापतो. मी त्यावर पांढरं सुती फडकं टाकून ठेवतो, काम नसलं की बॅग सावलीत. बंद गाडीत कॅमेरा कधीही ठेवत नाही. एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणला आणि हवा दमट असली तर लेन्सवर बाष्प जमतं, म्हणून तो बॅगेतच हळूहळू गरम होऊ देतो. लेन्स बदलताना पाठ वाऱ्याकडे, कॅमेऱ्याचं तोंड खाली. आपली काळजी याहून आधी. रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा सैल सुती सदरा, तहान लागण्याची वाट न बघता पाणी, आणि थोडा वेळ उन्हात तर तेवढाच सावलीत. डोकं दुखायला लागलं, गरगरलं किंवा मळमळलं की समोर काहीही असो, उठायचं. एकटं जाणार असू तर कुणाला तरी सांगून जायचं.

घरी आल्यावरचं काम मला तितकंच प्रिय झालंय. चतुराची जात ओळखायची तर एका देखण्या फोटोने भागत नाही. छातीच्या बाजूवरचे पट्टे दिसतील असा एक, पंख आणि पाठ दिसेल असा वरून एक, आणि पोटाच्या टोकाशी असलेली उपांगं स्पष्ट येतील असा एक, असे तीन तरी हवेत. आता मी काडीवरच्या प्रत्येक नव्या चतुराचे आधी हे तीन काढतो, सौंदर्य नंतर. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तारीख, वेळ आणि ठिकाणासह ते टाकले की जगभरातले जाणकार नाव सुचवतात, आणि ज्या नोंदीची खात्री पटते ती संशोधकांनाही वापरता येते. आता डोक्यात एक वेगळीच मालिका घोळतेय. एकच चतुर, एकच काडी, अकरापासून तीनपर्यंत दर अर्ध्या तासाला एक फोटो, त्याच जागेवरून, सावलीसकट. पोटाचा कोन आणि सूर्याची उंची एकाखाली एक मांडून बघायची आहे. त्यासाठी हलणार नाही अशी बुटकी तिपाई आणि पाण्यात रोवता येईल अशी खुणेची काठी तयार करून ठेवली आहे. पुढच्या निरभ्र, वारा पडलेल्या दुपारी सुरुवात करतो.